दिवसभर नुसती बिलंच चढवते, हे काय करिअर झालं का?

पत्र थोडक्यात असं आहे. नाव, ऑफिस काही देत नाहीये. मुलगी २३ वर्षांची, डोंबिवलीला राहते, बारावीपर्यंत मराठी माध्यम, मग बी.कॉम. सीए इंटरचा (सीएच्या मधल्या परीक्षेचा) पहिला ग्रुप निघाला, दुसऱ्याचे तीन अटेम्प्ट दिले, तिन्ही गेले. वडिलांची कंपनी बंद पडली, भाऊ बारावीला, म्हणून मे महिन्यात मशीद बंदरला एका ट्रेडिंग प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत ट्रेनी अकाउंटंट म्हणून लागली. पगार १४,०००. ती लिहिते, "ताई, दिवसभर परचेसची बिलं टॅलीत, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, चढवते, फायली लावते, बँकेच्या स्टेटमेंटवर टिक मारते. मावसबहीण सीए झाली. लग्नात एक काका सगळ्यांसमोर म्हणाले, म्हणजे क्लार्कच ना. आणि एक गोष्ट कुणालाच सांगितली नाहीये. जुलैमध्ये वापीच्या पार्टीचं १,१८,००० चं बिल आयजीएसटीऐवजी (परराज्यातल्या खरेदीचा टॅक्स) सीजीएसटी-एसजीएसटीमध्ये (राज्यातल्या खरेदीचा) टाकलं. परवा फाइल लावताना कळलं. जुलैचं रिटर्न गेलंय. गुपचूप एंट्री बदलून टाकू का? की नोकरी सोडून पूर्णवेळ सीएचा अभ्यास करू? हे फील्ड माझं नाहीच का?"

तुझं पत्र दोनदा वाचलं. तीन पानं नोकरीबद्दल आहेत आणि बिलाचं प्रकरण शेवटी चार ओळींत उरकलंयस, पण मला वाटतं तुझी झोप त्या चार ओळींनीच उडवलीय. म्हणून आधी बिल, राजीनाम्याचं नंतर बघू. पोटात अशी भीती असताना कुठलंही ऑफिस नकोसंच वाटतं गं.

एंट्री गुपचूप बदलू नकोस. हे नैतिकता शिकवायला सांगत नाहीये, कामाचं कारण आहे. तुझी कंपनी प्रायव्हेट लिमिटेड आहे, आणि १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये एडिट लॉग चालू असणं कायद्यानेच बंधनकारक केलंय. म्हणजे कोणती एंट्री कधी बदलली आणि कुणाच्या युजरने बदलली ते सगळं आत राहतं. आज कुणालाच माहीत नसलेली साधी चूक उद्या ऑडिटरला 'रिटर्न भरल्यावर बदललेली एंट्री' म्हणून दिसेल, तुझ्या नावासकट. चूक झाली याचं काही नाही, चुका होतात. लपवलेल्या चुकीचं उत्तर देणं मात्र फार अवघड जातं.

आता चूक नक्की केवढी आहे ते बघू. बिल १,१८,००० चं, त्यात टॅक्स १८,०००. तू ९,००० अधिक ९,००० असा टाकलास. पार्टीला द्यायचे पैसे बरोबर, मालाची किंमत बरोबर, फक्त टॅक्स चुकीच्या खात्यात. कंपनीचे १८,००० बुडाले वगैरे काही झालेलं नाही. आता दोन शक्यता आहेत. पहिली, ज्याने थ्री-बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, भरलं त्याने क्रेडिटचा, म्हणजे खरेदीवर दिलेला टॅक्स वळता करून घ्यायचा, आकडा पोर्टलवरच्या टू-बीवरून घेतला असेल. टू-बी म्हणजे पार्टीने भरलेल्यावरून पोर्टल आपल्याला देतं ती यादी. टू-बीमध्ये ते बिल आयजीएसटीमध्येच दिसणार कारण पार्टीने तसंच भरलंय. मग रिटर्न बरोबर आहे आणि फक्त आपली पुस्तकं चुकलीत. दुसरी, आकडा टॅलीतून उचलला असेल, मग रिटर्नमध्येही चुकीच्या हेडचं क्रेडिट गेलं, ते पुढच्या थ्री-बीमध्ये उलटवून बरोबर हेडमध्ये घेता येतं. त्यात व्याज वगैरे लागतं का ते तुमचे जीएसटी बघणारे सांगतील, तो निर्णय तुझा नाही आणि तू तो एकटीने घ्यायचाही नाहीयेस. तुझं काम एवढंच की ज्यांना निर्णय घ्यायचाय त्यांच्यापर्यंत ही गोष्ट लवकर जावी.

सांगायला जाण्याआधी एक तास काढ आणि मे महिन्यापासून तू चढवलेली सगळी परराज्यातली बिलं तपास. पार्टीच्या जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे बघायचे, २७ म्हणजे महाराष्ट्र, २४ म्हणजे गुजरात. वापीच्या पार्टीचा नंबर २४ ने सुरू होतो आणि वापीला लागूनच असलेल्या सिल्वासाच्या पार्टीचा २६ ने, तिथे नवीन मुलं हमखास फसतात कारण ट्रान्सपोर्टवाला दोन्हीकडचा माल एकाच टेम्पोत आणतो. अजून एखादं सापडलं तर तेही लिहून घे. मग बिलाची कॉपी, वाउचरचा प्रिंट आणि टू-बीमधली ती ओळ असे तीन कागद घेऊन सिनियरकडे जा आणि सरळ सांग, "सर, जुलैमध्ये या बिलाचा आयजीएसटी माझ्याकडून सीजीएसटी-एसजीएसटीत गेलाय. मी मे पासूनची बाहेरची सगळी बिलं बघितली, एवढंच चुकलंय. रिटर्नमध्ये आकडा कुठून घेतला होता ते मला माहीत नाही. कशी दुरुस्त करायची सांगाल का?" बस. "माझी पहिलीच नोकरी आहे", "त्या दिवशी बरं नव्हतं" हे काही जोडू नकोस. ओरडतील कदाचित, पाच मिनिटं. पण जी ट्रेनी स्वतःची चूक कागदासकट आणून दाखवते तिच्या बाकीच्या एंट्रीवर पुढे विश्वास बसतो, हे मी टेबलाच्या पलीकडे बसून बघितलंय, माझ्या हाताखाली पुष्कळ मुलं शिकून गेली.

आता 'नुसती बिलं चढवते' याबद्दल.

माझी पहिली नोकरी काळबादेवीला एका पेढीवर होती, तेव्हा सगळं हाताने, लाल कापडाच्या वह्या. तुम्ही बारावीत पुस्तपालनात शिकलात ना कीर्द, खतावणी, तेरीज, ती आम्ही खरोखर लिहायचो. महिनाअखेरीला तेरीज जुळेना, म्हणजे नावे आणि जमेच्या बेरजा सारख्या येईनात, ४,५०० चा फरक. दोन दिवस मी बेरजा करत बसले, डोळ्यात पाणी यायचं बाकी होतं. तिथले वयस्कर मेहताजी, म्हणजे मुनीम, दिवसभर एक शब्द बोलायचे नाहीत, ते उठून आले, आकडा बघितला आणि म्हणाले नऊने भाग जातो, आकडे उलटे पडलेत कुठेतरी, तशी नोंद शोध. अर्ध्या तासात सापडली, ७,२८० च्या जागी मी २,७८० लिहिले होते. आकड्यांची अदलाबदल झाली की फरकाला नेहमी नऊने भाग जातो. आणि रक्कम चुकून उलट्या बाजूला गेली की फरक दुप्पट येतो, म्हणून फरकाचं अर्धं करून ती रक्कम शोधायची. कॉलेजात हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

हे आत्ता का सांगतेय, तर तुझ्या टॅलीमध्ये तेरीज न जुळणं हा प्रकारच नाही. नावे-जमा सारखी नसेल तर ते एंट्रीच घेत नाही. त्यामुळे आमच्या वेळी जी चूक स्वतःहून ओरडून सांगायची की मी इथे आहे, ती आता गप्प बसते. तुझं बिल बघ ना, टोटल जुळली, पार्टी जुळली, बँक जुळली, तेरीज जुळली आणि तरी चूक होती. ती सापडली कशी? तू फाइल लावताना कागद डोळ्यांनी वाचलास म्हणून. ज्या कामाला तू क्लार्कचं म्हणतेस त्याच कामात तुझ्यातल्या अकाउंटंटने चूक पकडली, कुणी न सांगता. हे फील्ड माझं नाही असं म्हणणाऱ्या मुलीच्या ते लक्षातच आलं नसतं.

म्हणून बिल चढवणं आणि बिल वाचणं यातला फरक तुला आता करायचाय. एक बिल हातात आलं की ही पार्टी कोण, कुठली, माल आला का, चलनवर (मालासोबत येणाऱ्या कागदावर) आपल्या गोडाऊनची सही आहे का, रेट ऑर्डरप्रमाणे आहे का, पैसे किती दिवसांत द्यायचे. पार्टी एमएसएमईमध्ये नोंदलेली सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असेल तर लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवस, करार नसेल तर १५, आणि वेळेत नाही दिले, वर्ष संपेपर्यंतही थकले, तर तो खर्च त्या वर्षी इन्कम टॅक्समध्ये मिळत नाही. तुझ्या फायलीतली किती बिलं या मुदतीच्या पलीकडे गेलीत हे तू नुसतं एका कागदावर काढून सरांना दाखवलंस तर? मार्चमध्ये हीच यादी सगळे शोधत फिरतात. किंवा टेम्पोवाल्याला, हमालीला एकाच दिवशी रोखीने किती गेले बघ, साध्या खर्चाला एका माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख दिली की ती रक्कम खर्च म्हणून धरत नाहीत, ट्रान्सपोर्टवाल्याला मर्यादा ३५,००० ची. हे सगळं तू इंटरच्या टॅक्सच्या पेपरला पाठ केलंयस, पास पण झालीयेस. आता ते टेबलावर पडलंय आणि तुला ओळखू येत नाहीये एवढंच.

महिन्याचं चक्र पण समजून घे, नाहीतर रोजचं काम एका विहिरीतून दुसऱ्या विहिरीत पाणी ओतल्यासारखं वाटतं. ७ तारखेला टीडीएस भरायचा, ११ ला जीएसटीआर-वन म्हणजे विक्रीचं रिटर्न, १४ ला टू-बी येतं, १५ ला पीएफ आणि ईएसआयसी, २० ला थ्री-बी, महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांसाठी. तुझी परचेसची एंट्री १२ तारखेपर्यंत पूर्ण का हवी म्हणून सर मागे लागतात ते यातून कळेल, टू-बी आलं की जुळवायला समोर आपलं रजिस्टर तयार लागतं. सरांना विचार, या महिन्यात टू-बी जुळवताना मी शेजारी बसू का. फक्त बसू का, एवढंच. बहुतेक सिनियर नाही म्हणत नाहीत, त्यांच्या वेळी त्यांनाही कुणीतरी शेजारी बसवलेलं असतं.

आता मावसबहिणीचं. तिच्याशी तुलना करतेस ती निदान नियमांच्या दृष्टीने तरी बरोबर नाही. ती बहुतेक जुन्या पद्धतीतली, तेव्हा इंटरचा एक ग्रुप निघाला की आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, सुरू करता यायची, तीन वर्षांची. १ जुलै २०२३ पासून आर्टिकलशिप दोन वर्षांची झाली पण दोन्ही ग्रुप निघाल्याशिवाय सुरूच होत नाही. म्हणजे तिच्या वेळचे नियम तुला असते तर आज तू सीएच्या ऑफिसात बसली असतीस आणि काकांना सांगायला तुझ्याकडे आर्टिकल हा शब्द असता. काम पहिले सहा महिने तेच, वाउचरवर टिक मारणं. तुमच्या ऑफिसात सप्टेंबरमध्ये टॅक्स ऑडिटला मुलं येतील, ३० सप्टेंबरची मुदत असते, कधीकधी वाढते पण धरून चालू नये. ती आर्टिकलची मुलं तुझीच फाइल मागतील आणि तूच चढवलेल्या बिलांवर टिक करतील. त्यांच्याशी बोल. स्टायपेंड किती, सुट्टी मिळते का, काय शिकायला मिळतं, सगळं विचार. आर्टिकलशिप हवीय का नकोय हे तुला नातेवाइकांपेक्षा त्यांच्याकडून जास्त नीट कळेल. आणि हो, गणपती आणि ऑडिट मुंबईत दरवर्षी एकमेकांच्या अंगावर येतात, सुट्टी आत्ताच सांगून ठेव, आदल्या दिवशी नाही.

नोकरी सोडून पूर्णवेळ अभ्यास करू का. तू लिहिलंयस की तिन्ही अटेम्प्ट घरी बसूनच दिले होते. मग वेळ कमी पडला म्हणून गेले असं तर नाही ना? राग मानू नकोस, पण पुन्हा तेवढाच वेळ देऊन वेगळं काय होईल हे आधी शोधायला हवं. तिन्ही मार्कशीट समोर ठेव. दुसऱ्या ग्रुपला कॉस्टिंग, ऑडिट आणि एफएम-एसएम (फायनान्शियल मॅनेजमेंट आणि स्ट्रॅटेजिक मॅनेजमेंट) असे तीन पेपर, प्रत्येकात ४० आणि एकूण ५० टक्के हवेत. तू दर वेळी एकाच पेपरला अडकतेस की ४० मिळतात पण टोटल राहते? दोन्हीचे उपाय वेगवेगळे. कळत नसेल तर इन्स्टिट्यूटकडून तपासलेल्या उत्तरपत्रिकेची कॉपी मागवता येते, फी भरून, आणि ती बघताना वाईट वाटलं तरी बघच. माझ्याकडे आलेल्या मुलांमध्ये मी पाहिलंय, ऑडिटच्या पेपरला येत असूनही मार्क जातात कारण उत्तर मनातल्या मनात मराठीत तयार असतं आणि कागदावर इंग्रजीत अर्धंच उतरतं. तुझं तसं असेल तर क्लास बदलून उपयोग नाही, रोज दोन उत्तरं हाताने लिहून कुणाला तरी दाखवावी लागतील.

माझं मत विचारशील तर आत्ता सोडू नकोस. घरी १४,००० ची गरज आहे हे तूच लिहिलंस, भावाची बारावी आहे, आणि घरात पैसा नाही हे माहीत असताना पुस्तक उघडून बसलेल्या मुलीचा अभ्यास होत नाही, प्रत्येक दुधाच्या बिलाला जीव दचकतो. इंटर आता वर्षात तीनदा होते, जानेवारी, मे आणि सप्टेंबर. सप्टेंबर तर ऑडिटमध्ये जाईल, जानेवारी घाईचं होईल, मे धर. मार्च-एप्रिल अकाउंट्सवाल्यांना कठीण असतो हे खरंय, म्हणून सरांना आत्ताच सांग की मला एप्रिलच्या मध्यापासून बिनपगारी सुट्टी लागेल. नाहीच म्हणाले तर तेव्हा राजीनाम्याचा विचार करू, पण तो महिनाभराच्या खर्चाचे पैसे बाजूला ठेवून, ठरवून दिलेला राजीनामा असेल. लोकलमध्ये अभ्यास होईल असं टाइमटेबल मात्र बनवू नकोस. डोंबिवलीहून सकाळी फास्टला उभं राहायला जागा मिळाली तरी नशीब, त्यात भायखळ्याला उतरून स्लो धरायची. त्यापेक्षा अर्धा-पाऊण तास आधीची गाडी पकड आणि ऑफिस भरायच्या आधी तिथेच टेबलावर बसून लिही, मी ओळखते त्यातल्या दोघींनी असंच केलंय.

मेमध्येही नाही निघाला तर? तर तू वर्षभर अनुभव असलेली अकाउंट्स असिस्टंट असशील जिला जीएसटी जुळवणं, टीडीएस, बँक रिको (बँकेशी हिशोब जुळवणं) हे हाताने येतं, आणि मुंबईत त्या मुलीला काम मिळतं. कॉस्टिंग आवडत असेल तर सीएमए (कॉस्ट अकाउंटंटचा कोर्स) आहे, एम.कॉम. आहे, नुसता अनुभव घेत सिनियर अकाउंटंट होणंही आहे. मी स्वतः सीए नाही. तीन कंपन्यांची फायनल अकाउंट्स मी बंद केलीत आणि मला कधी अर्धवट वाटलं नाही. काकांना काय उत्तर द्यायचं ते तू ठरव, मी असते तर सांगितलं असतं की एका कंपनीची खरेदीची पुस्तकं मी बघते.

एवढं सांगून एक दुसरी बाजू पण सांगते, कारण हे पत्र तुझ्यासारखी बरीच मुलं वाचतील आणि सगळ्यांची ऑफिसं शिकवणारी नसतात. चूक झाली म्हणून ओरडणं वेगळं आणि रोज आई-वडिलांवरून बोलणं वेगळं, दुसरं सहन करायचं नाही. ओरिजिनल मार्कशीट जमा करा म्हणाले तर देऊ नका. माल नाही, चलन नाही, फक्त बिल आहे आणि चढव म्हणतायत, तर "सर, चलन मिळालं की चढवते" असं मेलवर लिहा, तोंडी नको. आपला पासवर्ड दुसऱ्याला नको, दुसऱ्याचा आपण वापरायचा नाही. आणि वर्ष झालं तरी फक्त परचेसच्याच एंट्री, टू-बी नाही दाखवलं, मंथ-एंड नाही दाखवला, विचारलं तर उडवून लावतात, तर ते तुम्हाला ट्रेनी म्हणून ठेवत नाहीयेत, स्वस्तात ठेवतायत. तेव्हा दुसरीकडे बघायला सुरुवात करायची, हातातली सोडायच्या आधी. 'ट्रेनी' हा शब्द किती महिने राहणार, कन्फर्म झाल्यावर पगार किती, हे ऑफर लेटरमध्ये नसेल तर सहा महिने झाल्यावर विचारायलाच हवं.

इंग्रजीचं लिहिलंयस, सर इंग्रजीत विचारतात तेव्हा ततपप होतं म्हणून. घसारा म्हणजे डेप्रिसिएशन, धनको म्हणजे क्रेडिटर, तेरीज म्हणजे ट्रायल बॅलन्स, डोक्यात गोष्ट आहे, फक्त नाव बदलायचंय. ऑफिसात लागणारे मेल दहा-बाराच प्रकारचे असतात, बिल मिळालं नाही, पेमेंट केलं, लेजर पाठवा, बॅलन्स कन्फर्म करा. जुने मेल बघून एका वहीत उतरवून ठेव, महिन्याभरात बघायची गरज उरणार नाही. आणि मशीद बंदरला पार्टीशी बोलायला इंग्रजीपेक्षा हिंदी-गुजराती जास्त लागते, ती तुला तशीही येत असेल.

तर सोमवारी सकाळी, चहा यायच्या आधी, ते तीन कागद. आणि एक शेवटचं. पगाराची स्लिप काढून बघ, प्रोफेशनल टॅक्सचे २०० कापतायत का. महाराष्ट्रात एप्रिल २०२३ पासून महिलांना महिना २५,००० पर्यंत प्रोफेशनल टॅक्स नाहीये, तुझे कापायला नकोत. कापत असतील तर तोही कागद बरोबर ने, मे पासूनचे मोजून.